चांद्याच्या रस्त्यावरचा हाका

चार माणसं एकत्र चालताना दिसली की दसरूभाऊ त्यांना ओळीत लावत. एकामागे एक नव्हे, एकाच्या बाजूला एक, मध्ये दोन हात जागा सोडून. एकदा आमच्या मोहल्ल्यातली वरात त्यांनी अशीच धानाच्या बांध्यांतून आडवी पसरून नेली. मुलीकडच्यांना तिन्ही बाजूंनी माणसं चालून येताना दिसली. नवरदेव यातला कोणता हे कळायच्या आधीच मुलीचा मामा काठी घेऊन बाहेर आला.

यात भाऊंचा दोष नव्हता. आमच्या सिंदेवाहीकडच्या जंगलात साहेब लोक शिकारीला येत, तेव्हा हाका दसरूभाऊंचा असे. ओळ धरायची, डबे बडवत झाडीतून चालायचं आणि वाघाला मचाणासमोर आणायचं, हे त्यांचं काम. "लाइन तुटू देऊ नोको" हे वाक्य ते झोपेतही बोलतात, असं त्यांची बायको सांगे. पुढे साहेब गेले, वाक्य तेवढं राहिलं.

मी त्यांचा शेजारी आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर. कॉलेजला निघालो तेव्हा माझी पेटी डोक्यावर घेऊन भाऊच स्टेशनवर आले होते. परत येऊन मी गावच्या शाळेत मास्तर झालो. गावानं शिकवलं, तर गावाला काही द्यावं म्हणून संध्याकाळी चावडीपुढे वर्तमानपत्र वाचून दाखवू लागलो.

एकदा बातमी आली की दूरच्या समुद्रात मोठा बॉम्ब उडवला आणि त्याची राख कोळ्यांच्या होडीवर पडली.

"कोनती लढाई होती?" भाऊंनी विचारलं.

"लढाई नव्हती, भाऊ. उडवून पाहिला नुसता."

"आन् थे लोक काय करून राह्यले होते?"

"मासे धरत होते."

आमच्या गावात निम्मी घरं तलावावर जगणारी. भाऊ उठता उठता म्हणाले, "नुसता पाह्याले?"

पुढच्या महिन्यात चांद्याला युद्धाविरुद्ध मूक मिरवणूक निघणार होती. मी जायचं ठरवलं. अशा कामाला मी पहिल्यांदाच जात होतो. हेडमास्तर म्हणाले, "जा, पण गडबड झाली तर तुमची नोकरी मला राखता यायची नाही. अजून कायम झाला नाहीत तुम्ही." घरात तेवढ्या नोकरीवरच चूल होती. भाऊही गावची माणसं घेऊन निघाले, तेव्हा मी त्यांना बजावलं, "शांततेनं चालायचं आहे."

"हाव ना. मानसं चालवणं मले शिकवतं का, मास्तर?"

चांद्याच्या स्टेशनबाहेर आमची मंडळी जमली. प्रत्येकाच्या गळ्यात रॉकेलचा डबा, हातात दांडकं.

"भाऊ, हे कायले?"

"आवाज नाई केला तं जनावर उठन कसं?"

"जनावर नाही इथं. बॉम्ब आहे. तोही समुद्रापार."

"मंग त्याले आईकू जाइन कसं?" भाऊंना माझीच काळजी वाटू लागली. शेवटी डबे, दांडकी एका पानठेल्यामागे ठेवली. लटारू नावाचा म्हातारा कुरकुरला, "बिनडब्याचा हाका म्हंजे मयतच म्हना ना."

मिरवणूक निघाली. पुढे वकील, डॉक्टर, कॉलेजची मुलं, हातात फलक. मागे आमची ओळ, रस्त्याच्या या गटारापासून त्या गटारापर्यंत. सायकलवाले अडकले. दोन्ही बाजूंना शिपाई होते. माझं सगळं लक्ष त्यांच्या काठ्यांकडे होतं.

तेवढ्यात एक बैलगाडी आडवी आली आणि ती हटवायला फौजदारांनी शिटी फुंकली.

हाक्यात शिटीचा अर्थ एकच. जखमी वाघ ओळीवर उलटला, झाडावर चढा.

मी वळून पाहिलं तर ओळ नव्हती. रस्त्याकडेच्या कडूनिंबांवर आमचं सिंदेवाही चढलं होतं. लटारूबुवाचं धोतर फांदीत अडकलं होतं. शिपाई काठ्या सरसावून धावले, ते झाडाखाली येऊन वर बघत थांबले. खाली दसरूभाऊ एकटेच उभे होते, लटारूचे पाय खांद्यावर घेऊन त्याला वर लोटत.

फौजदार आले. "तू काऊन नाई चढला?"

भाऊंची नजर वरच होती. "समदे चढले का पाहून राह्यलो, साहेब."

"कोणाची माणसं ही?"

माझ्या डोळ्यांसमोर हेडमास्तरांचा चेहरा आला, मग बापाचा.

"माझी," मी म्हणालो. "मी मास्तर आहे. गावची माणसं आहेत. शिटीला भ्याली."

फौजदार बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "परवानगीत झाडांचं काही लिहिलेलं नाही. उतरवा त्यांना." आणि पाठ फिरवून मिशीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

मिरवणूक मैदानापर्यंत गेली. मूकच गेली.

परतीच्या गाडीत भाऊ सगळ्यात शेवटी चढले. चढण्याआधी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावला. आत बाकावर बसून बाजूच्या जागेवर खांद्यावरचा दुपट्टा टाकला. गाडीत गर्दी होती. कोणी विचारलं की म्हणत, "मानूस हाये."

"कोण राहिलंय?" मी लटारूबुवांना हळूच विचारलं.

"दसरूचा लहान भाऊ, सोमा. मोठ्या लढाईत बर्माकडे सडका बांधाले मानसं पाह्यजे होती. साहेबानं याले सांगतलं, यानं गोळा केली. हाक्याले करे तशीच. सोमाले घरून यानंच उठवून नेलं." लटारू बाहेर बघू लागला. "बाकी समदे आले."

पुढच्या स्टेशनावर पोर कडेवर घेतलेली एक बाई चढली आणि दाराशी उभी राहिली. गाडी हलली तशी तिचा तोल गेला.

"इथी कोनी हाये का, भाऊ?"

दसरूभाऊंनी दुपट्ट्याकडे पाहिलं. मग तो उचलला, घडी केली आणि खांद्यावर टाकला.

"नाई, बाई. बस."

ती बसली. थोड्या वेळानं पोर झोपलं आणि त्याचं पाऊल सरकत भाऊंच्या मांडीवर आलं. सिंदेवाही येईपर्यंत भाऊंनी पाय हलवला नाही.