फाटकापाशी फ्लॅश

मी फक्त एवढंच म्हटलं, "फोटोले त्या इश्वर स्टुडिओवाल्याले कायले बोलावता? मी हावो ना!" झालं. या एका वाक्यापायी आज सासरच्या भिंतीवर माझी जी शोभा टांगलेली आहे, ती ऐका आणि तुम्हीच न्याय करा.

माझे सासरे आनंदराव, म्हणजे आमचे मामाजी, जवाहरनगरच्या फॅक्टरीतून ३१ मे रोजी रिटायर होणार होते. माझ्या बायकोचा, रीनाचा, एकच हट्ट. "आई-बाबाचा दोघायचाच असा एकही फोटो नाही. बाबा कधी आईच्या बाजूले उभेच नाही राहिले. हार घातलेला तो एक फोटो मले भिंतीवर पाहिजे. बिघडवाल तर पाहा!"

बिघडवाल! अहो, मी मोहाडीच्या तहसीलमधला साधा कारकून असेन, पण दोन महिने व्हिडिओ बघून हाय-स्पीड सिंक पाठ केलं आहे. ऊन पाठीमागून आलं की चेहरे काळे पडतात, म्हणून उन्हातही फ्लॅश मारायचा. ऊन कडक, म्हणून शटर वेगात. पण शटर वेगात असलं की साधा फ्लॅश मागे पडतो आणि फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. तो येऊ नये म्हणून फ्लॅशचं एक बटण दाबायचं. बस्स! (हे मी सासरी प्रत्येकाला तीनदा समजावलं. सासूबाई दुसऱ्याच वेळी तांदूळ निवडायला उठून गेल्या.)

साडेचारला फॅक्टरीची बस क्वार्टरसमोर थांबली. गळाभर हार घालून मामाजी उतरले. फाटकापाशी सासूबाई विमलाबाई नवी साडी नेसून, लाजून उभ्या. मी कॅमेरा उभा धरला. बटण दाबलेलं. क्लिक!

मामाजी गायब.

बघतो तर खाली उकिडवे, दोन्ही हात डोक्यावर!

"मामाजी, काय करून राहिले?"

"चिनगारी दिसली ना, बापू!"

आता यात माझा काय दोष? या माणसाने पस्तीस वर्षं बारुदाच्या खात्यात काढली, रोज गेटवर माचिस जमा करून आत गेला. पोचवायला आलेले त्यांचे सहा दोस्तही खाली बसले होते. आणि वर मलाच हसत होते!

"फ्लॅश हाये तो, मामाजी!"

"माहीत हाये ना मले. पन पाय आयकत नाही."

असे अकरा फोटो. उजेड उत्तम, आभाळ निळं, सासूबाई देखण्या, आणि बाजूला नुसतं फाटक.

"अहो, तो फ्लॅश बंद करा ना!" रीना ओरडली.

"बंद? अन् चेहरा काळा येईन तर?" मीही ओरडलो. तेवढ्यात सेल संपले. (हाय-स्पीड सिंक सेल पाण्यासारखे पितं.) नवे सेल आले कुठून? इश्वरच्या दुकानातून! तो स्वतः घेऊन आला आणि हाताची घडी घालून तिथेच थांबला.

सेल टाकले. या वेळी सासूबाईंनी चारचौघांत मामाजींचा हात घट्ट धरला. "आता बसाल तर पाहा!"

मामाजी ताठ उभे राहिले. हसलेसुद्धा! क्लिक!

"जावईबापू, तुमीबी या," मामाजी म्हणाले. मी कॅमेरा मेहुणीला, प्रतिक्षाला, दिला. "असाच उभा धर, कशाले हात लावू नको," असं बजावून सासूबाईंच्या पलीकडे छाती काढून उभा राहिलो. क्लिक! हार उतरले, बस गेली, चहा झाला.

मग स्क्रीन पाहिली. बाराव्या फोटोत मामाजी झकास, आणि सासूबाईंच्या जागी काळा पट्टा. सेल काढले की माझा फ्लॅश सगळं विसरतो, हे त्या व्हिडिओवाल्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं! बटण पुन्हा दाबायचं राहिलं होतं.

रीनाचे डोळे भरून आले. "आईनं एकदा हात धरला, अन् तो बी तुमी..."

मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, पुढचा तर पाहा," इश्वर हळूच म्हणाला.

पुढच्या फोटोत मामाजी आणि सासूबाई, हातात हात, दोघांचे चेहरे लख्ख. पट्टा तोच, त्याच बाजूला. रीना रडता रडता हसली आणि दुसऱ्या दिवशी फ्रेम करून घेऊन आली.

परवा शेजारचे पुंडलिकराव भिंतीकडे पाहत म्हणाले, "आनंदराव, फोटो लय झकास! पन बाजूले हा काळा खांब कायचा?"

"खांब नाही बा," मामाजी अभिमानाने म्हणाले, "जावई हायेत आमचे."