लांब मानेची बॅटरी

शिवप्रसादला त्याच्या सख्ख्या बापानं ड्रोनवाला चोर समजून कडुलिंबाला बांधलं, आणि बांधायला घेतलेला दोर शिवप्रसादच्याच म्हशीचा होता.

पण ही गोष्ट घडलेलीच नाही. करजगीनं तसं ठरवलंय, नदीपलीकडच्या चिंचवाडीनंही ठरवलंय. दोन गावांचं कशावर तरी एकमत व्हायची ही पहिलीच वेळ, ते आपण कशाला मोडायचं? तर काहीच घडलं नाही. ते कसं घडलं नाही, तेवढं फक्त सांगतो.

पंचमीला शिवप्रसादची बायको अंजू माहेरी चिंचवाडीला गेली. न्यायला तिचा भाऊ आला होता. मेहुण्यासमोर आपण बायकोवाचून अडून बसणारा माणूस दिसू नये म्हणून शिवप्रसाद मिशीला हात लावून म्हणाला, "निवांत ये. घाई न्हाई."

अंजूनं ते मनावर घेतलं. मूग निघाले, उडीद निघाले, तूर कमरेला आली, तरी अंजू निवांतच होती.

त्यात मोठ्यांचा कायदा आडवा आला. शिवप्रसादचे वडील गुंडेराव म्हणायचे, नेलं त्यांनी, तर आणून सोडायचंही त्यांनीच. सासरे तानाजीअप्पा म्हणायचे, आणायची पाळी आमची होती ती झाली, आता न्यायची पाळी त्यांची. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे कुणीच हललं नाही. पोरगा चोरून जाईल म्हणून गुंडेरावांनी मोटारसायकलची चावी कनवटीला लावली. एकदा शिवप्रसाद बसनं निघाला, तर कंडक्टर गुंडेरावांचा वर्गमित्र निघाला. त्यानं पुढच्या थांब्यावरून त्याला परत पाठवलं, तेही बिनतिकीट.

अंजू फोन उचलायची नाही. एकदाच मेहुण्यानं उचलला आणि निरोप दिला, "अक्का म्हणायलीय, फोनवर न्हाई. तोंड दाखवा, मग बघू."

दुसरा कुणी असता तर रडला असता. शिवप्रसादनं बॅटरी मागवली.

त्याचं असं होतं. गुंडेरावांचा मळा भीमेच्या अलीकडच्या काठावर, तानाजीअप्पांचा बरोबर समोर, पलीकडच्या. रस्त्यानं पुलावरून फिरून गेलं तर एकतीस किलोमीटर, हवेतून अर्धा. रोज दिवस बुडताना अंजू म्हशी बांधायला यायची आणि शिवप्रसादला अलीकडून एक हिरवा ठिपका दिसायचा. ठिपक्याला नाक नव्हतं, डोळे नव्हते. पण ठिपका म्हशीवर ओरडला की इकडं शिवप्रसादला पोटात बरं वाटायचं. दोन महिने तो त्या ठिपक्यावरच जेवत होता.

आता ती आपल्याला ठिपका दिसते, म्हणजे आपणही तिला ठिपकाच दिसत असणार. ठिपक्याला तोंड नसतं. तोंड दाखवायचं तर तोंडावर उजेड पाहिजे. इतका सरळ हिशोब दोन महिने आपल्याला कसा सुचला नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

बॅटरी आली. खोक्यावर लिहिलं होतं, उजेड दोन किलोमीटर जातो. मान ओढली की बगळ्यासारखी लांब व्हायची. सगळं होतं, सेल तेवढा नव्हता. तिला लागायचा चार्जिंगचा एक जाडजूड सेल, मुसळाचं पिल्लू म्हणावं असा, आणि तो करजगीत कुणी पाहिलेलाही नव्हता.

शिवप्रसाद शेजाऱ्याच्या गाडीवर मागं बसून गाणगापूरला गेला. तिथं यात्रेकरूंना खेळणी, माळा, बॅटऱ्या विकणाऱ्या चन्नम्माच्या दुकानात त्यानं चौकशी केली. चन्नम्मानं बॅटरी उलटीपालटी करून पाहिली आणि नळकांड्यात बसवलेले तीन बारके सेल दिले. ते घालून बॅटरी लावली, तर उजेड त्याच्या चपलेपर्यंत गेला आणि तिथंच बसला. चन्नम्मा म्हणाली, चपला तरी हरवणार न्हाईत.

मग त्यानं फवारणी पंपाची बॅटरी जोडायचं काढलं. दोन वायरी तोंडात धरून तो उभा असताना शाळेत संगणक शिकवणारा त्याचा मित्र सुगत आला आणि त्यानं त्या वायरी काढून घेतल्या. पंपाची बॅटरी बारा व्होल्टची, एका फटक्यात दिवा जाईल आणि मागून तूही जाशील, असं त्यानं समजावलं. सुगतकडं घरचा एक मेलेला लॅपटॉप होता. त्याच्या पोटातून सहा सेल निघाले, एकच जिवंत. सेल लांबीला बरोबर, पण अंगानं बारीक. सुगतनं त्याला सायकलची ट्यूब गुंडाळली.

"जरा हालंल," तो म्हणाला, "पण सेल खानदानी हाय."

त्या संध्याकाळी शिवप्रसाद काठावर उभा राहिला. समोर हिरवा ठिपका आला. त्यानं बॅटरीची मान ओढली, स्वतःच्या तोंडावर धरली आणि बटण दाबलं.

जग पांढरं झालं. त्याला पुढचं काही दिसेना. पण नदीकाठच्या झाडून साऱ्या किड्यांना शिवप्रसाद दिसला. ते डोळ्यांत गेले, कानांत गेले, नाकात गेले. त्यानं एका हातानं गालांवर फटाफट मारायला सुरुवात केली. प्रत्येक फटक्याला आतला सेल हलायचा आणि उजेड लुकलुकायचा.

पलीकडून चिंचवाडीला दिसलं ते असं, की नदीवर एक बिनधडाचं मुंडकं लुकलुकतंय आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतंय. त्या दिवसांत रात्री ड्रोन उडवून घरं हेरणाऱ्या चोरांची अफवा जोरात होती. गाव काठ्या घेऊन गोळा झालं. तानाजीअप्पांनी दोन महिन्यांत पहिल्यांदा व्याह्यांना फोन लावला. गुंडेरावांना वाटलं, सून सोडायचा फोन आला. म्हणून त्यांनी आधी घसा साफ केला, मग उचलला.

"तुमच्या काठावर ड्रोनवाला हाय," तानाजीअप्पा म्हणाले. "जमलं तर धरा."

जमलं तर, हा शब्द गुंडेरावांना लागला. ते पाच गडी आणि म्हशीचा दोर घेऊन स्वतः धावले. आंधळ्या झालेल्या शिवप्रसादवर मागून पोतं पडलं आणि तो झाडाला बांधला गेला. मी आहे, असं तो सांगणार होता, पण तोंडात किडे होते.

गुंडेरावांनी पडलेली बॅटरी उचलली, पोतं काढलं आणि चोराच्या तोंडावर उजेड टाकला.

"तू?"

"व्हय."

"थोबाडीत कामून मारून घ्यायलास?"

शिवप्रसादनं एक किडा थुंकला. "तोंड दाखवायलो होतो. अंजूला."

गुंडेरावांनी बॅटरी विझवली. गडी आभाळाकडं बघू लागले. तेवढ्यात परत फोन वाजला. धरला का, तानाजीअप्पांनी विचारलं.

"कुणी न्हाई हितं," गुंडेराव म्हणाले. "काजवा असंल."

पलीकडं तोवर अंजूनं नवरा ओळखला होता. "व्हय," तानाजीअप्पा म्हणाले, "आमालाबी काय दिसलं न्हाई."

अशा रीतीनं ते घडलं नाही.

शिवप्रसाद गालाला हळद लावून बसला होता, तेव्हा त्याचा फोन वाजला. पडद्यावर अंजूचं नाव होतं. त्यानं ते आधी दोनदा वाचलं.

"दिसलं," ती म्हणाली. "दाढी वाढवलाव."

त्यानं हळदीच्या हातानं दाढी चाचपली.

"आणि एवढं गालात मारून कामून घेतलाव? घाई न्हाई म्हणलेल्याची माफी एका थापडीत झाली असती."

किड्यांचं त्यानं तिला सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

"मग येतीस?"

"मी कवाच पिशवी भरलीय. पर अप्पा म्हणायलेत, कुणी दिसलंच न्हाई, तर जावयानं तोंड दाखवलं कवा?"

तोवर तो खानदानी सेलही मेला होता, म्हणजे तोंड परत दाखवायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी शिवप्रसाद आणि सुगत अर्ज लिहायला बसले. एक प्रत गुलबर्ग्याच्या कलेक्टरला, एक विजापूरच्या, कारण नदीच्या मध्यावर जिल्हा बदलतो. कन्नड प्रत सुगतनं केली. मराठी अशी:

"विषय: तोंड दाखविल्याची नोंद घेणेबाबत. महोदय, भीमा नदी करजगी ते चिंचवाडी या पट्ट्यात आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्यात यावी. तांत्रिक कारणास्तव ते शक्य नसल्यास, अर्जदार दररोज सायंकाळी साडेसहा ते सात या वेळेत पलीकडच्या काठावर प्रत्यक्ष हजर आहे असे समजण्यात यावे, व तसे सौ. अंजू यांस लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती."