मोहिनीचा ताणमुक्त बोकड

"माझ्या बोकडापुढे ते न्यूझीलंड पाणी भरेल!" असं मोहिनीने भर पंगतीत ठणकावून सांगितलं, तेव्हा तिच्याकडे बोकड नव्हता आणि न्यूझीलंड नेमकं कुठे आहे हेही तिला माहीत नव्हतं. पण मोहिनीचा पारा एकदा चढला की भूगोलाला कोण विचारतो!

झालं होतं असं. इंदिरानगरात कोंडाजीआप्पांचं दुमजली घर आहे. खाली थोरला अमित आणि त्याची बायको मोहिनी, वर धाकटा हर्षल आणि त्याची बायको रोशनी. आप्पांचा मुक्काम खाली, पण नाक दोन्ही स्वयंपाकघरांत. दरवर्षी आखाडातल्या शेवटच्या रविवारी, श्रावण लागायच्या आत, सगळे नातेवाईक या घरी मटणाला जमतात. सासूबाई गेल्यापासून ते मटण मोहिनीच करते. तिचा काळा रस्सा ओरपून पाहुणे नाक पुसत "अजून वाढ गं" म्हणतात ना, त्या एका वाक्यावर ती पुढचा आखाड येईपर्यंत वर्षभर तरंगत असते.

आणि यंदा आखाड लागतो न लागतो तोच रोशनीने कॉलेज रोडवरच्या नव्या सुपरमार्केटातून मटणाचं पाकीट आणलं. परदेशी! कोवळ्या मेंढीचं! पाकिटावर हिरव्यागार टेकडीचं चित्र. रोशनीने जेवताना त्याच्यावरचं इंग्रजी सगळ्यांना मराठीत वाचून दाखवलं.

"मूळ देश न्यूझीलंड. मोकळ्या कुरणात वाढवलेली. प्रेमाने हाताळलेली. ताणमुक्त."

"अरे वा!" आप्पा बोटं चाटत म्हणाले. "म्हणजे मेंढीला टेन्शनच नव्हतं! म्हणून एवढं मऊ लागतंय. आपल्याकडे कधी असं लिहिलेलं असतं का? कुठला बोकड, कुणाचा बोकड, काही पत्ता नसतो!"

मोहिनीने हातातला घास ताटात आपटला. मेली ती मेंढी! तिला मोकळं कुरण, तिला प्रेम, तिला ताण नाही! आणि इथे मी इतकी वर्षं ताणात रांधतेय, ते कधी कुणी वाचून दाखवलं? जावेचा हेवा तिला नेहमीच वाटायचा, पण मेंढीचा हेवा वाटायची ही पहिलीच वेळ.

त्यावर आप्पांनी कळस केला. "यंदा आखाडाचं मटण वरच करू की. मोहिनीला तेवढाच आराम!"

आराम! निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्याला लोक म्हणतात ना, "आता जरा विश्रांती घ्या", तसला हा आराम. मोहिनी ताटावरून उठली आणि ते न्यूझीलंडचं वाक्य बोलून गेली. आप्पा म्हणाले, "ठीक आहे. तुझा बोकड त्या मेंढीपेक्षा सुखी निघाला तर आखाड खालीच!"

मोहिनीने लगेच माहेरी फोन लावला. माहेर सटाण्याकडचं. भाऊ केरू कांद्याची पिकअप चालवतो.

"केरू, मला बोकड पाहिजे. सुखी पाहिजे!"

"सुखी म्हंजे?"

"म्हणजे मोकळा हिंडलेला, पोटभर खाल्लेला. ताण नको त्याला."

"अक्का, आपला घरमा ताण नसलेला तोच एकटा शे!"

खरं तर आखाडातल्या त्या शेवटच्या रविवारी सकाळी बोकड आला असता आणि परस्पर खाटकाकडे गेला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मोहिनीला ठसका दाखवायचा होता. लेबल काय, कुणीही छापतं! माझा माल लोकांनी डोळ्यांनी बघितला पाहिजे! म्हणून तिने बोकड गुरुवारीच मागवला.

बोकड उतरला तो काय ऐटीत! काळाभोर, पांढरे कान, चालणं तर नवरदेवासारखं. मोहिनीने पुठ्ठ्यावर झकास अक्षरात लिहून त्याच्या गळ्यात पाटी बांधली: "मूळ गाव सटाणा तालुका. बाभळीच्या शेंगांवर वाढवलेला. वागणूक प्रेमाची. ताण अजिबात नाही." अख्खी गल्ली बघायला आली. शेजारच्या वत्सलाबाई म्हणाल्या, "बाई, याच्याकडे बघून माझंच बीपी उतरलं!" मोहिनीची मान ताठ झाली. तेवढ्यात बोकडाने मान वाकडी करून आपलीच पाटी खाऊन टाकली.

तेही चाललं असतं. पण संध्याकाळी रोशनी कोथिंबिरीच्या काड्या घेऊन खाली आली आणि "काय गं बाई गोड आहे!" म्हणत तिने त्याचं कपाळ खाजवलं. झालं! बोकड रोशनीच्या मागे मागे जिना चढायला लागला. मोहिनी हाका मारतेय, हा ढुंकूनही बघत नाही!

"अहो, बघितलंत का?" मोहिनी अमितवर उखडली. "माझ्या माहेरचा बोकड, आणि तोही तिच्या पदरात!"

"अगं, रविवारपर्यंतचा तर प्रश्न आहे," अमित म्हणाला.

"रविवारपर्यंत का असेना, माझा म्हणजे माझाच राहिला पाहिजे!"

मग जे युद्ध पेटलं ते विचारू नका! रोशनीने कोथिंबीर दिली की मोहिनी मेथी द्यायची. रोशनीने बिस्कीट दिलं की मोहिनी तूप लावलेली पोळी. शुक्रवारी तिने त्याला गूळ-शेंगदाणे चारले, अंग चोळून दिलं, शिवाय पार्किंगमध्ये टेबलफॅन लावून दिला.

"मला कधी पंखा लावून दिलास का गं?" अमितने विचारलं. आता घरात हेवा करणारी दोन माणसं झाली. आप्पा तर बोकडाला "सरदार" म्हणायला लागले आणि पेपर त्याच्याशेजारी बसून वाचायला लागले.

शनिवारी संध्याकाळी रोशनीने जिन्यातून हाक मारली, "सरदार, ये!" बोकडाने वर बघितलं. मग मोहिनीकडे बघितलं. आणि सावकाश येऊन त्याने मोहिनीच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"आला! माझ्याकडे आला!" मोहिनी एवढ्या मोठ्याने ओरडली की वत्सलाबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या. जावेच्या नाकावर टिच्चून जिंकले! आणि मग त्या मांडीवरच्या डोक्याकडे बघता बघता तिला एकदम आठवलं. उद्या रविवार!

सकाळी केरू दोर घेऊन हजर.

"चल अक्का, खाटकाकडे नंबर लागेल."

"थांब जरा. झोपलाय तो."

"त्याला कुठं ऑफिसला जायाचंय?"

"अजून खाल्लं नाही रे त्याने काही. आणि तिकडे गर्दी असेल, त्याला ताण येईल!"

"अक्का," केरू कपाळाला हात लावून म्हणाला, "तिथं गेल्यावर ताण किती वेळ राहणार शे?"

हे ऐकताच मोहिनीने बोकडाच्या गळ्यात हात टाकले आणि पार्किंगमध्ये फतकल मारली. "हा कुठेही जाणार नाही! हात लावून दाखवा!"

तेवढ्यात पाहुणे यायला लागले. सगुणाआत्या दारातूनच वास घेत आल्या. वास कसला येतोय! त्यांनी बोकड बघितला, त्याला मिठी मारून बसलेली सून बघितली, आणि त्या कडाडल्या, "मग आज आम्ही काय गवत खायचं?"

सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पा बोकडाकडे बघत होते. "सरदाराला मी तरी खाणार नाही," ते पुटपुटले.

रोशनी पुढे आली. "ताई, माझ्या फ्रीजरमध्ये तसली आणखी पाकिटं आहेत. पण तुम्ही म्हणत असाल तरच करते."

आता बघा पंचाईत! हो म्हणावं तर वर्षानुवर्षांचा मान जिना चढून वर जाणार, आणि एकदा वर गेलेला मान काय परत खाली येतोय? नाही म्हणावं तर केरू दोर घेऊन उभाच. मोहिनीने दात-ओठ खाल्ले, बोकडाला आणखी घट्ट धरलं.

"कर!" ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

वर पंगत बसली. आप्पांनी पहिला घास उचलला आणि थबकले. "रोशनी, या मेंढीलाही कुणी हाक मारत असेल का गं?"

रोशनीने वाढायची पळी खाली ठेवली.

"आप्पा, मी आज लेबल वाचलंच नाही. फाडून टाकलं."

"बरं केलंस," आप्पा म्हणाले. "रस्सा वाढ."

खाली मोहिनी बोकडाशेजारी एकटीच बसली होती. वरून वास येत होता, त्याच्यामागून "अजून वाढ गं!" येत होतं. काळजात कट्यार घुसावी तसं तिला ते लागत होतं. अमित हळूच ताट घेऊन आला.

"खाऊन घे थोडं."

"याच्यासमोर? लाज नाही वाटत तुम्हाला? घेऊन जा ते!"

अमित ताट घेऊन वळला.

"अहो, थांबा!" मोहिनीने बोकडाचं तोंड दोन्ही हातांनी भिंतीकडे वळवलं, त्याच्या डोळ्यांवर पदर टाकला आणि ताट ओढून घेतलं. दोन भाकरी तिने बघता बघता संपवल्या. मग वाटी पुढे करून म्हणाली, "थोडा रस्सा अजून आणा. आणि मीठ कमी पडलंय, हे मात्र सगळ्यांसमोर सांगा!"