भूमिपुत्र नेल्सन

डेस्मंड हॉलगेटने एका सकाळी टोस्ट खाता खाता चार वर्षांच्या नेल्सनला चव्वेचाळीस वर्षांचा केला आणि तिथून पुढचं सगळं रामायण घडलं.

"काय खुडबूड चाललीय रे वर?" सिल्वियाने जिन्याखालून विचारलं.

"चूक सुधारतोय!"

"कुणाची?"

"एका मेलेल्या माणसाची!"

"मग त्याला काही घाई नसेल. खाली ये, चहा निवतोय."

डेस्मंड खाली आला, पण छाती काढून. वंशावळी शोधणाऱ्या लोकांच्या मंडळाने १९११ सालच्या खानेसुमारीची पानं कॉम्प्युटरवर उतरवून काढायचं काम गावोगावच्या हौशी लोकांना वाटून दिलं होतं, आणि स्केलबेक गावाची पानं त्याने मागून घेतली होती. काम फुकटचं, पण नियम कडक. मंडळाच्या ऑड्रीबाईंनी पहिल्याच दिवशी बोट उगारून सांगितलं होतं, "दिसेल ते लिहा, वाटेल ते लिहू नका. मेलेल्या माणसांना शहाणपण शिकवू नका!" एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, ही त्यांची पद्धत. पानं ऐसपैस रुंद, म्हणून एकेक पान दोन तुकड्यांत यायचं. डाव्या तुकड्यात नाव, नातं, वय, कामधंदा. उजवा तुकडा मागाहून.

त्या साली फॉर्म घरच्या कर्त्या माणसानेच स्वहस्ते भरलेले. जॉन फॉसेट नावाच्या गृहस्थाने स्वतः, बायको, तीन मुलं अशी शिस्तीत नावं लिहून शेवटी लिहिलं होतं: नेल्सन. नातं, घरातलाच. वय चार. काम, रात्रीचा पहारा.

"चार वर्षांचं पोर रात्री पहारा कसं देईल?" डेस्मंड सिल्वियाला समजावून सांगत होता. "घाईत एक चार लिहायचा राहिला असणार. मी चव्वेचाळीस केले. आणि घरातलाच म्हणजे कोण? थोरला भाऊ! तेही लिहून टाकलं."

"ऑड्रीने सांगितलं होतं ना, दिसेल ते लिहा म्हणून?"

"अगं, मला तेच दिसलं!"

सिल्विया स्वतः फॉसेटांची लेक. जॉन फॉसेट तिचे आजोबा. पण असा कुणी चुलत आजोबा तिने कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "असेल बाई. आमच्या घराण्यात बोलणारे इतके, की गप्प बसणारा एखादा विसरला गेला असेल."

डेस्मंडला या कामाची हौस आली ती मेहुण्यामुळे. डेस्मंड बर्नलीचा. बर्नली म्हणजे काही चंद्रावर नाही, मधला एक डोंगर ओलांडला की आलं. पण डोंगराच्या अलीकडे यॉर्कशायर आणि पलीकडे लँकशायर, त्यामुळे चाळीस वर्षं स्केलबेकमध्ये संसार करूनही तो उपराच. सिल्वियाचा भाऊ क्लिफर्ड तर त्याला नावाने हाकच मारायचा नाही. "काय बर्नली, पाऊस मानवतोय का आमचा?" असं चाळीस वर्षं चाललेलं.

आणि या सगळ्याचा कळस म्हणजे जत्रेतली रस्सीखेच. एका बाजूला भूमिपुत्र, दुसऱ्या बाजूला उपरे. भूमिपुत्रांचा जमाव मोठा, उपरे मूठभर, त्यातले निम्मे गुडघेदुखीचे. दर वर्षी ते चिखलात तोंडघशी पडायचे. त्याचं डेस्मंडला वाईट वाटायचं नाही. त्याला खरं लागायचं ते हे, की दोराच्या पलीकडच्या टोकाला त्याची स्वतःची बायको असायची. "रक्त रक्ताच्या बाजूला!" असं म्हणून क्लिफर्ड तिला ओढून न्यायचा, आणि ती बिचारी नवऱ्याकडे न बघता दोर खेचायची. एकदा तरी आपण दोघं एका बाजूला उभं राहायचं, एवढीच डेस्मंडची इच्छा होती.

मागच्या वर्षी एका उपऱ्याची इथेच जन्मलेली मुलगी म्हणाली होती, "मी तरी भूमिपुत्र ना?" त्यावर क्लिफर्डने मिशीला पीळ देत निकाल दिला होता, "तबेल्यात जन्मलं म्हणून कुणी घोडा होत नाही, पोरी. जन्म नाही, मूळ बघायचं! १९११ च्या खानेसुमारीत ज्याची माणसं असतील, तोच भूमिपुत्र. आम्ही फॉसेट इथल्या धरणाच्याही आधीचे. आम्हाला तहान लागली म्हणून सरकारने धरण बांधलं!"

झालं, तेव्हापासून डेस्मंडच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. त्याची आई म्हणायची, तिचे कुणी काका धरणाच्या कामावर होते. ते या पानांत सापडले, की क्लिफर्डचं नाक कापलं! पण काका काही सापडेनात. सापडला तो नेल्सन.

पानं तपासणीला गेली, आणि थोड्याच दिवसांत पबमध्ये क्लिफर्ड टेबलावर थाप मारून उभा राहिला.

"मंडळी, ऐका! आमच्या घराण्यात एक वीरपुरुष निघालाय. नेल्सन फॉसेट! माझ्या आजोबांचा थोरला भाऊ. रात्र रात्र जागून गावाची राखण करायचा!"

डेस्मंडच्या घशात बिअर अडकली. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुझी पानं तपासायला कुणी घेतलीत असं वाटतं तुला? मीच घेतलीत मागून. म्हटलं, लँकशायरवाला आमच्या गावाची काय वाट लावतोय बघावं. पण नेल्सनचं वय तू बरोबर दुरुस्त केलंस हं. मूळ पानात चारच होते. तेवढी अक्कल दाखवलीस."

चाळीस वर्षांत क्लिफर्डने डेस्मंडची केलेली ही पहिली स्तुती. डेस्मंड इतका विरघळला, की त्याने वर क्लिफर्डला एक बिअर पाजली.

मग नेल्सन वाढायला लागला. आधी तो नुसता पहारेकरी होता. आठवड्याभरात त्याने दोन चोर पकडले. पुढच्या आठवड्यात धरणाला लागलेली गळती रात्री एकट्याने ओळखून गाव वाचवला. त्याचं लग्न का झालं नाही यावरही चर्चा झाली, आणि गावातल्या बायकांनी हळहळून ठरवलं की प्रेमभंगच असणार. शेवटी क्लिफर्डने दगडी फलक करायला टाकला. जत्रेच्या दिवशी, रस्सीखेचीच्या आधी, त्याचं अनावरण व्हायचं होतं.

आणि जत्रेच्या आधी उजवे तुकडे आले.

डेस्मंडने फॉसेटांचं पान उघडलं आणि खुर्चीतच खिळला. नेल्सनपुढे जन्मगाव लिहिलं होतं स्केलबेक. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे कुणी मुकं-बहिरं असेल तर लिहायचं, तिथे जॉन फॉसेटने झोकदार अक्षरात लिहिलं होतं: "बोलत नाही, पण सगळं समजतं. पाय चार. शेपटी अर्धी. आम्ही येण्याआधीपासून इथेच आहे. खरं म्हणजे आम्हीच त्याच्या घरात राहायला आलो."

"सिल्विया!" डेस्मंड ओरडला. "अगं, तुझा चुलत आजोबा कुत्रा होता!"

"तोंड सांभाळून बोल हं!" म्हणत ती वर आली, पान वाचलं, आणि पलंगावर बसून पोट धरून हसायला लागली. डोळे पुसत तिने पुन्हा पान बघितलं, आणि तिचं हसू एकदम थांबलं. "डेस्मंड, हे काय रे? आजोबांच्या पुढे काय लिहिलंय?"

"कुठे?"

"जन्मगाव."

दोघांनी मिळून वाचलं. जॉन फॉसेट, जन्मगाव बर्नली, लँकशायर. बायको बर्नली. तिन्ही मुलं बर्नली.

"अगं बाई!" सिल्विया म्हणाली. "म्हणजे चाळीस वर्षं मी माझ्याच गाववाल्याला चिखलात पाडतेय?"

डेस्मंडने भराभर बाकीची पानं उघडली. धरणाचं काम सुरू झालं तशी सगळी वस्ती मुलाबाळांसकट नुकतीच आलेली. कुणी वेल्सचा, कुणी आयर्लंडचा, कुणी कॉर्नवॉलचा खाणकामगार. आख्ख्या स्केलबेकमध्ये स्केलबेकला जन्मलेला एकच. नेल्सन.

"आता?" डेस्मंडने विचारलं. "खरं लिहिलं तर माझी चोरी उघडी पडेल. आणि तुझ्या भावाचं तर हसंच होईल. नुकता कुठे माणसात आला होता माझ्याशी."

"दिसेल ते लिही," सिल्विया ठणकावून म्हणाली. "शेपटीसकट."

त्याने सगळं शेपटीसकट लिहिलं, आधीचं वयही खोडून चार केलं, थोरल्या भावाचा पुन्हा घरातलाच केला, आणि पाठवलं. मग तो क्लिफर्डच्या फोनची वाट बघत बसला. फोन आलाच नाही. पानं मात्र तपासून पुढे गेली. शेवटी राहवेना, तेव्हा जत्रेच्या सकाळी तो स्वतःच क्लिफर्डच्या घरी गेला. दारातच क्लिफर्डची बेस, मेंढ्या राखणारी दांडगी कुत्री, त्याच्या मफलरला लोंबकळली.

"खेच, बेस, खेच!" क्लिफर्ड आतून ओरडला. "माझ्या स्वयंपाकघरात जन्मलीय ती. अस्सल गाववाली! उपऱ्याचा वास बरोबर येतो तिला."

"क्लिफर्ड, ते उजवे तुकडे नीट बघितलेस का?"

"माझ्याच गावाचं काय बघायचं? डोळे मिटून पास केले! भाषण पाठ करायचं सोडून जन्मगावं वाचत बसू?"

"अरे, पण नेल्सनबद्दल जरा सांगायचं होतं..."

"जळतोस तू, बर्नली! तुमच्याकडे असा एकही पुरुष नाही म्हणून जळतोस! चल, निघ. संध्याकाळी चिखलात भेटू."

डेस्मंड मफलर सोडवून घेऊन निघाला. सांगायचा प्रयत्न केला, हे मनाचं समाधान तेवढं पदरी पडलं.

दुपारी फलकावरचा पडदा सरला. क्लिफर्डने भाषणात नेल्सनच्या करारी नजरेचं वर्णन केलं. टाळ्या पडल्या. नंतर ऑड्रीबाईंनी आनंदाने जाहीर केलं, की स्केलबेकची सगळी पानं पूर्ण झाली असून मोठ्या अक्षरांत छापून तंबूत लावली आहेत. चहा घेता घेता आपापली माणसं बघावीत. लोक तंबूत शिरले.

इकडे क्लिफर्ड मैदानात बाह्या सरसावून दोराशी उभा राहिला. "चला, भूमिपुत्र इकडे!"

कुणी येईना. तंबूतून नुसती कुजबुज, मग एक किंकाळी, मग हशा.

पहिली बाहेर आली सिल्विया. ताठ मानेने चालत आली, भावाच्या समोरून गेली आणि पलीकडे दोराशी उभ्या डेस्मंडच्या पुढे जाऊन तिने दोर धरला.

"सिल्विया! अगं, बाजू चुकलीस!"

"चाळीस वर्षं चुकत होते," सिल्विया म्हणाली. "आज बरोबर आलेय."

डेस्मंडने नुसता तिच्या खांद्यावरचा चुरगळलेला स्वेटर सरळ केला.

तिच्यामागोमाग खाटीक आला. "आम्ही वेल्सचे निघालो हो!" असं अभिमानाने सांगत तो उपऱ्यांत उभा राहिला. पोस्टातली बाई आली, ती आयर्लंडची. पबचा मालक कॉर्नवॉलचा. बघता बघता आख्खं गाव एका बाजूला झालं. मागच्या वर्षीची ती मुलगी जागा कमी पडली म्हणून हसत हसत मागे सरकली. मूठभर उपऱ्यांचं सैन्य झालं आणि त्या सैन्याने अशी आरोळी ठोकली, की धरणावरचे पक्षी उडाले.

क्लिफर्ड तंबूत गेला. बराच वेळ गेला. बाहेर आला तेव्हा त्याची मिशी खाली आली होती.

"मग या चार वर्षांच्या कुत्र्याला थोरला भाऊ कुणी केलं?" कुणीतरी ओरडलं.

डेस्मंडने दोर सोडला आणि पुढे झाला. "मी. पान चार म्हणत होतं, मी शहाणपणा करून चव्वेचाळीस केले. चूक माझी आहे."

सगळे क्लिफर्डकडे बघायला लागले. तो फलकापाशी गेला आणि त्याने मोठ्याने वाचलं, "नेल्सन. रात्रंदिवस या गावाची राखण करणारा, स्केलबेकचा सच्चा भूमिपुत्र." मग खाकरला. "यात एक अक्षर खोटं नाही. दगड राहू दे. आणि एकट्या डेस्मंडची चूक कशी? तपासलं मी होतं."

त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकून डेस्मंड चमकलाच. क्लिफर्ड खाली मान घालून दोराशी आला.

"तबेल्यात जन्मलं म्हणून...?" सिल्वियाने हळूच विचारलं.

"कळलं, कळलं! सरक रे, बर्नली."

"कुणाला म्हणतोस?" डेस्मंड म्हणाला. "इथे आता बरेच आहेत."

क्लिफर्डने आधी डोळे वटारले आणि मग तोच सगळ्यांत मोठ्याने हसला.

"अहो, पण समोर कुणीच नाही!" ऑड्रीबाई शिट्टी हातात धरून वैतागल्या. "सामना लावू कसा?"

तेवढ्यात बेस धावत आली. समोर दोराचं मोकळं टोक गवतात पडलेलं, आणि बेसला कुठलंही टोक मोकळं पडलेलं खपत नसे. तिने ते दातात धरलं, मागचे पाय रोवले आणि गुरगुरली.

"वळण नेल्सनचंच!" खाटीक म्हणाला.

ऑड्रीबाईंनी शिट्टी फुंकली. गावाने खेचायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून केला. पण क्लिफर्डने सवयीने "खेच, बेस!" असं ओरडून आपल्याच विरुद्ध बाजूला चेव आणला, आणि सिल्वियाला हसू आवरेना. ती हसली तशी पोस्टातली बाई हसली, हातातली ताकद गेली, पुढच्याचा पाय घसरला, आणि अख्खं स्केलबेक एकावर एक चिखलात आडवं झालं. बेसने दोर ओढत ओढत तो थेट फलकापाशी नेऊन टाकला.

"भूमिपुत्र विजयी!" ऑड्रीबाईंनी जाहीर केलं. नियम म्हणजे नियम.

चिखलात डेस्मंडच्या एका अंगाला सिल्विया होती, दुसऱ्या अंगाला क्लिफर्ड. सिल्वियाच्या नाकावर चिखलाचा गोळा बसला होता, आणि ती डेस्मंडला लग्नातल्यापेक्षा सुंदर दिसत होती. इतकं झकास तो आयुष्यात कधी हरला नव्हता.

"पुढच्या वर्षी हरवू आपण तिला," क्लिफर्ड मिशी पुसत म्हणाला.

"हरवू की," डेस्मंड म्हणाला. "फक्त सिल्वियाच्या मागची जागा माझी. आत्ताच सांगून ठेवतो."