म्हात्रेकाकांचं पिंप

एकदा देवळाबाहेर म्हात्रेकाकांच्या पायांत भलत्याच कुणाच्या चपला दिसल्या. मी म्हटलं, "काका, या तुमच्या नव्हेत." त्यांनी खाली बघितलं. "व्हय. दुहेरी विस्थापन. त्याच्या माझ्याकडं, माझ्या त्याच्याकडं. हरवलं काय नाय." आणि त्याच चपला फटफटवत घरी गेले.

काका आमचे वरसे गावातले शेजारी. रोह्याला केमिकल कंपनीत जन्म गेला, रिटायर झाले, पण यांची शिफ्ट काही संपत नाही. लग्नात अक्षता टाकताना म्हणणार, "संयोग झाला. उष्णता बाहेर पडेल, जरा लांब उभे राहा." गडब गावात दोघा भावांनी चुली वेगळ्या मांडल्या, तर म्हणे, "अपघटन. याला बाहेरून उष्णता लागते. कोणी दिली ते बघा." सुनेनं सासूच्या कमरेच्या किल्ल्या घेतल्या, ते साधं विस्थापन. शुभाकाकू कपाळावर हात मारायची, "माझं लग्न माणसाशी झालं का कंपनीशी, तेच कळत नाय गो."

काकू हमरापूरची. माहेरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे तीच आखायची. आखताना श्वास रोखून धरायची आणि कुणी तोंड उघडलं तर ओठांवर बोट ठेवायची. काका गप्प बसलेले मी तेवढ्याच वेळी बघितलेत.

पण खरी कमाल त्यांच्या अंगणातल्या निळ्या पिंपाची. आळीतल्या प्लास्टरच्या मूर्ती विसर्जनाला त्यात जातात. काका पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालतात, वासानं नाकाडोळ्यांतून पाणी येतं. दोन-तीन दिवसांत मूर्ती नाहीशी. तळाशी पांढरा खडू, वर खताचं पाणी. "चपलांसारखंच," काका सांगतात, "दोघांनी आपापले जोडीदार बदलले." खडूची रांगोळी होते, पाणी जास्वंदीला जातं. दरवर्षी बघते आणि दरवर्षी थक्क होते. बाप्पाच्या फुलांना बाप्पाच खत घालतो, यापुढं माणसानं काय बोलावं?

यंदा चैत्रात काकू गेली. भाद्रपदात तिच्या माहेरून गणपती आला, डोळे तिनं आधीच आखून ठेवलेले. सगळ्यांच्या मूर्ती पिंपात गेल्या, काकांची पाटावरच. रोज म्हणायचे, "उद्या." पितृपक्ष लागला, आळीत कुजबुज सुरू झाली. मला राहवेना. म्हटलं, "काका, देवाला असं अडकवून ठेवू नये."

"देव नाय अडकला, गो पोरी. मी अडकलोय. ते डोळे विरघळवायला हात होत नाय."

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच हाक मारली. दोघांनी मिळून मूर्ती पिंपात सोडली.

तिसऱ्या सकाळी गेले, तर काका पिंपावर वाकलेले. मूर्ती विरघळली होती. वर रंगाचे पापुद्रे तरंगत होते, आणि त्यांत एक डोळा, अख्खा, काकूनं आखला तसाच.

"रंगावर काय परिणाम होत नाय," काका हळूच म्हणाले. "इतकी वर्षं हे करतोय, पण माझ्या ध्यानातच आलं नाय बघ."

त्यांनी पाण्याखालून तळहात नेला आणि तो पापुद्रा अलगद वर उचलला. मी विचारलं, "काका, ही कुठली अभिक्रिया?"

काकांनी श्वास रोखून धरला होता. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी ओठांवर ठेवलं.