देवी खडकदऱ्याला गेली

"गोंधळाला गोंधळी लागतोच, असं कुठं लिहून ठेवलंय?" भाकरीचा तुकडा मोडता मोडता रामहरीनं घरात हा प्रश्न टाकला, आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, "कुठं बी न्हाई."

बायको सविता तव्याजवळ थबकली. आई रंगुबाईनं कानावरचा पदर मागं सारला. दाराआडच्या नव्या सुनेच्या, निकिताच्या, हातातला हिरवा चुडा तेवढा एकदा किणकिणला आणि गप्प झाला.

दहिफळ्यांच्या घरची रीत अशी, की लग्न लागलं तरी संसार लागत नाही. आधी देवीचा गोंधळ घालायचा, तिला घरी बोलवायचं, तिच्या साक्षीनं नव्या जोडप्याची ओंजळ भरायची. तोवर नवरा ओसरीवर आणि नवरी आजेसासूच्या शेजारी. लग्न सोमवारी झालं होतं. मुलगा अंगद सुप्याला कंपनीत कामाला. रविवारी सुट्टी संपणार होती आणि निकिताला घेऊनच त्याला जायचं होतं. खोली बघून ठेवलेली, शेगडी बसवलेली, खिडकीला पडदासुद्धा लावून झालेला. शुक्रवारचा गोंधळ तेवढा मध्ये उभा होता.

"पण पुंजारामला सांगितलंय की," सविता म्हणाली. पुंजाराम म्हणजे त्यांचा वंशपरंपरेचा गोंधळी.

"त्याला नको म्हनून कळवलं सकाळी."

"नको?"

"त्याचा आवाज बसलेला असतोय. साथीदार जांभया देत्यात. माझ्याकडं ओरिजिनल हाय. एका गोऱ्या अभ्यासकानं चाळीस-पंचेचाळीस वर्सांमागं आपल्याच जिल्ह्यात टेप केलेला. संबळ, तुनतुनं, समदं. आनि फुकाट."

"शेवटचं आधी सांगायचं हुतं," सविता म्हणाली आणि भाकरी उलटली.

रामहरी पाथर्डीतल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत असे. आवक कमी, जावक त्याहून कमी, त्यामुळे मोबाईलला वेळ भरपूर. अशाच एका ओसाड दुपारी त्याला इंटरनेटवरचं ते ध्वनिभांडार सापडलं. जगभरातल्या जुन्या तबकड्या, अभ्यासकांच्या टेपा, हक्काची मुदत संपलेली गाणी, सगळं तिथं रचून ठेवलेलं आणि कुणीही उचलून न्यावं असं. फुकटाच्या पहिल्या घोटानं रामहरी पार बदलला. घरात सकाळी कुठल्याशा चर्चमधली घराएवढी पेटी घुमू लागली, दुपारी कोळशाच्या इंजिनाची शिट्टी. शंभर वर्षांपूर्वीची एक गायिका ठुमरी संपवून शेवटी ठसक्यात स्वतःचं नाव सांगायची, तेव्हा रामहरी मान डोलवून "वळख ठेवा" म्हणायचा. एकदा त्यानं दूरदेशच्या बेटावरचे बेडूक लावले, तर पाऊस आला म्हणून रंगुबाई धडपडत माडीवर चढली आणि वाळत घातलेल्या कुरडया गोळा करून खाली आली. वर निरभ्र वैशाख तळपत होता. त्या दिवसापासून ती मुलाशी बोलताना आधी मोबाईलकडं बघत असे.

"तुमी ऐकलाय का पुरता?" सवितानं विचारलं.

"दोन मिन्टं ऐकला. सोनं पारखायला कडंला घासून बघत्यात, समदा डागिना झिजवत न्हाईत."

शुक्रवारी दिवे लागले आणि अंगणात चौक भरला. कारखाने बंद होऊन ऊसतोडीच्या टोळ्या माघारी आलेल्या, त्यामुळे भावकी गावातच होती आणि झाडून सगळी हजर होती. उसाऐवजी कडब्याची पाच धाटं उभी केली, मध्ये कळस, पुढं दिवटी. जिथं पुंजाराम उभा राहायचा तिथं पाटावर कचेरीतून मागून आणलेला स्पीकर ठेवला. त्याला निळे दिवे होते, ते आपले आपण लुकलुकत होते. रंगुबाईनं जरा विचार करून त्यालाही हळदकुंकू लावलं. रामहरीनं बटण दाबलं तशी स्पीकरमधून एका परदेशी बाईनं जोडणी झाल्याची वर्दी दिली. रामहरीची थोरली बहीण रतनबाई हिनं लगेच हात जोडले.

"आत्या, ती देवी न्हाई," अंगद हळूच म्हणाला.

"बाईमानूस हाय ना? जोडले तर बिघडतंय का?"

आणि मग संबळ वाजला. खरं सांगायचं तर पहिल्या ठोक्याला अंगणाच्या अंगावर काटा आला. माळावरून वारा उठावा तसा तो आवाज उठला. गोंधळ्याचा गळा खरखरीत होता, पण आत कुठं तरी ओल होती, भेगाळलेल्या रानाखाली असते तशी.

ये गं माय, माळावरनं ये,
वाऱ्याच्या घोड्यावरनं ये,
कापराच्या उजेडात पाऊल ठेव,
ओटी भरली, चौक भरला, आत ये.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. रामहरीनं छाती फुगवून चौफेर बघितलं. भावकीनं त्याच्या नावानं इतकी वर्षं जे जे म्हटलं होतं, ते सगळं त्यानं त्या क्षणी माफ करून टाकलं.

कुणाच्या दारी गं, कुणाच्या घरी?
खडकदऱ्याच्या बिभीषण भोंडव्याच्या घरी.

डोळ्यांवरचे पदर खाली आले.

"आरं रामा," रंगुबाई म्हणाली, "हे भोंडवे कोन?"

"असतील कुनीतरी. फुडं ऐक."

पुढं झांज वाजली, आणि बिभीषण भोंडव्याची ओटी भरू दे, बिभीषण भोंडव्याचं रान पिकू दे, अशी एकामागून एक आशीर्वादांची पोती भोंडव्यांच्या दारात उतरू लागली. गोंधळी मोठा इमानी. कडवं संपलं की न चुकता गावासकट नाव. रामहरीनं घाईनं टेप पुढं पळवली, तर ती नेमकी जाऊन थांबली, "बिभीषण भोंडव्याच्या अंगणी पाळणा हालू दे," या ओळीवर. अंगदनं हातातली दिवटी खाली ठेवली. निकितानं मान इतकी खाली घातली, की मुंडावळ्या असत्या तर पूजेच्या ताटात पडल्या असत्या.

"आवतान तू धाडलं," रतनबाईनं निवाडा दिला, "पत्ता भोंडव्याचा. मग देवी कुठं जाईल?"

"देवीला समदं कळतंय, आक्का."

"कळतंय म्हनूनच तर. जिथं बोलवलं तिथं गेली ती."

"हापिसात जावक बघता ना तुमी?" सविता वाढायला उठता उठता म्हणाली.

देवी भोंडव्यांकडं गेली असली, तरी पुरणपोळ्या दहिफळ्यांकडंच होत्या. भावकी पोटभर जेवली, आणि गोंधळ झाला नाही यावर जेवता जेवता तिचं एकमत झालं. निकिताचं अंथरूण रंगुबाईच्या शेजारीच पडलं.

शनिवारी सकाळी उठल्या उठल्या रामहरीनं पुंजारामला फोन लावला.

"तुमीच म्हनला ना, तुजी कला आता फुकाट मिळती?" पुंजाराम म्हणाला. "मला आज टाकळीचं हाय, उद्या येळीचं. महिनाभर दम न्हाई. फुकाटच्यालाच सांगा की नाव बदलून म्हनायला."

ही गोष्ट पुंजाराम चिडून बोलला होता, पण रामहरीला ती सूचना वाटली. त्यानं मोबाईलमध्ये एक ॲप घेतलं, पंख्याखाली बसून स्वतःच्या आवाजात नाव-गाव भरलं आणि भोंडव्याच्या जागी चिकटवून दिलं. तयार माल त्यानं आईला ऐकवला. खरखरीत ओला गळा विचारत होता, "कुणाच्या दारी गं, कुणाच्या घरी?" आणि लागलीच पंख्याच्या घरघरीतून कचेरीचा आवाज उत्तर देत होता, "दहिफळे रामहरी पांडुरंग, राहणार पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर." पाठीमागं सविता कुणाला तरी दूध नासल्याचं सांगत होती, तेही त्यात आलं होतं.

रंगुबाईनं सगळं शांतपणे ऐकलं. "देवीला फशिवतो व्हय रं?" एवढंच ती म्हणाली.

चपला घालत अंगद म्हणाला, "आण्णा, उद्या मला निघायचंय. भोंडव्यांकडं चला. त्यांनी सोडला म्हनून सांगितलं, तर आज्जीला चालंल."

रंगुबाई आणि रतनबाईनं एकमेकींकडं बघितलं. चालेल, असं ठरलं. चुकून दुसऱ्याच्या घरी गेलेलं ताट त्या घरच्यानं हात न लावता परत केलं, तर ते उष्टं होत नाही.

जामखेडच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत खडकदरा होतं. बाप-लेकांना बिभीषण भोंडवे सापडायला वेळ लागला नाही. सत्तरी ओलांडलेले, काटक, लिंबाखाली बाजेवर बसून दाढेखाली सुपारी धरलेले आबा. रामहरीनं घसा साफ केला, आणि कचेरीत अर्जदार आपल्याशी बोलतात त्या आवाजात त्यानं सगळी हकीकत सांगितली. आबांनी मान हलवली आणि टेप ऐकायला मागितली.

संबळ वाजला. घरातली माणसं एकेक करून लिंबाखाली आली. स्वतःचं नाव ऐकून आबा हसले. मग दोन कडव्यांच्या मध्ये, गोंधळी दम घेत होता तिथं, मागून एका बाईचा लांबचा आवाज आला. "पोरांना वाढा गं आधी, भुकेली असतील."

आबांचं सुपारी चघळणं थांबलं. "आय हाय माझी," ते म्हणाले. रामहरीलासुद्धा टेप पुढं पळवायचं सुचलं नाही.

मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "ह्यो तुमी कंदी लावला म्हनला?"

"काल. दिवे लागल्यावर."

"शुक्रवारी?" आबांनी घराकडं तोंड करून हाक मारली, "कानिफ, तुजी बायकू काल किती वाजता आली रं?"

कानिफनाथ हा त्यांचा धाकटा. वर्षामागं त्याचं लग्न झालं, पण गोंधळ राहून गेला. आधी दुष्काळ, मग निवडणूक, मग आळस. मध्यंतरी बायको रुसून माहेरी गेली, ती चार माणसं पाठवूनही हलली नव्हती. काल दिवेलागणीला ती आपण होऊन रिक्षातून उतरली होती, आल्या आल्या चूल पेटवून बसली होती.

"मला वाटलं माझ्या फोनला भ्याली," कानिफनाथ म्हणाला.

"तुजा फोन," आबा म्हणाले. "पाथर्डीच्या पाव्हन्यांनी गोंधळ घातला म्हनून आली ती."

रामहरी घाईनं पुढं सरसावला. "आबा, तसं न्हाई. गोंधळ आमचा हुता. चुकून तुमच्या नावावर पडला. तुमी फकस्त सोडला म्हना."

"आन ती परत गेली म्हंजे? न्हाई पाव्हनं. घातला तुमी, पावला आमाला. आता त्यो माघारी कसा जायचा?"

"पन खर्च माझा झालाय."

"तुमी फुकाट मिळाला म्हनला ना?"

कानिफनाथची बायको चहा घेऊन आली. तिच्या पायातली जोडवी इतकी समाधानानं वाजत होती, की ती उचलून परत माहेरी धाडा असं म्हणायला माणूस दगडाचा लागला असता. वेळ बघून अंगद पुढं सरकला.

"आबा, गोंधळ ह्या घरचा झाला. देवी हितंच हाय. बराबर?"

"बराबर."

"मग आमी दोघं ह्या घरात राह्यलो तर?"

रामहरीनं चहाची बशी खाली ठेवली. "अंगद, काय बोलतोयस?"

"थांबा हो," आबा म्हणाले. त्यांना ते पटत चाललं होतं, हे त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं. "पोरगं सरळ बोलतंय. पन घरचा गोंधळ घरच्यालाच लागू पडतोय. तवा ह्याला आमच्या घरचं व्हावं लागंल." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी आतून नारळ मागवला.

रामहरीनं शेवटचा उपाय म्हणून आईला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला. रंगुबाईच्या रागावर त्याचा भरवसा होता.

"तेंच्याकडं देवी बसली का?" रंगुबाईनं विचारलं.

"बसली म्हनत्यात."

"म्हैस हाय का दुधाची?"

"दोन हायत, आजी," आबा मोबाईलकडं झुकून म्हणाले.

"मग राहू द्या लेकरं. नारळ घ्यायला लाव अंगदला. पोरीला घिऊन सांच्याला आमीच येतो."

अंगदनं नारळ घेतला आणि आबांच्या पाया पडला. आबांनी त्याला मांडीवर घेतल्यासारखं केलं. पोरगं दणकट असल्यानं तेवढ्यावरच भागवलं. संध्याकाळी जीपमधून निकिता, सविता, रंगुबाई आणि रतनबाई उतरल्या. उंबऱ्यावर माप ठेवलं होतं. कानिफनाथच्या बायकोनं जावेला ओवाळावं तसं निकिताला ओवाळलं. रंगुबाईनं देवीपुढं बसून स्वतः ओंजळ भरली आणि आज आपण एकटी झोपणार, हे निकिताला डोळ्यांनीच सांगितलं. रामहरी मात्र थांबला नाही. स्पीकर कचेरीचा होता आणि तो सोमवारच्या आत जागेवर ठेवायचा होता.

रविवारी सकाळी तो लेका-सुनेला सुप्याला पोचवायला जीप घेऊन पुन्हा खडकदऱ्यात आला, तेव्हा लिंबाखाली गाव जमलं होतं. नवी जोडी बघायला बाया येत होत्या, निकिताच्या पदरात खण-नारळ टाकत होत्या. अंगद कानिफनाथच्या शेजारी बसून एका ताटात शेवया खात होता. सविता आणि रंगुबाई आतून वाढत होत्या, जशा काही इथंच जन्मल्या होत्या. कुठं बसावं ते न कळून रामहरी जीपच्या दाराला धरून उभा राहिला.

आबांनी त्याला बघितलं आणि लगबगीनं उठून घोंगडी झटकली. "या, या, बसा. आगं, ताट आना." मग भोवतीच्या मंडळींकडं वळून त्यांनी मोठ्या अगत्यानं ओळख करून दिली.

"हे पाथर्डीचे पाव्हने. आमच्या अंगदच्या लग्नात लई राबले बिचारे."