घड्याळजींची अंगठी

"रोज डोळ्यांना न दिसणारे स्क्रू काढतो मी! एक अंगठी काय चीज आहे?"

अँजिओग्राफीला निघायच्या सकाळी घड्याळजींनी असं ठणकावून सांगितलं. हॉस्पिटलच्या कागदावर 'दागिने काढून यावे' असं छापलेलं होतं. अंगठी लग्नातली. तेव्हा बोट काडीसारखं होतं, आता ते मुळ्यासारखं झालेलं!

साबण लावला. अंगठी जागची हलेना. तेल लावलं, तर बायकोचाच हात सटकला आणि बायको स्वतःच थेट कपड्यांच्या ढिगात जाऊन बसली.

"अहो, दोरा गुंडाळून निघते म्हणे!"

दोरा गुंडाळला. अंगठी राहिली बाजूलाच, बोट जांभळं पडलं आणि दोराही रुतून बसला. शेवटी बायकोने खालच्या मजल्यावरच्या प्लंबरला हाक मारली. तो लोखंड कापायची करवत घेऊनच वर आला.

"काका, अजिबात हलायचं नाही. कालच तीन इंची पाइप कापला, लोण्यासारखा!"

"अरे, पाइपला रक्त नसतं!" घड्याळजी किंचाळले आणि घामाघूम होऊन खुर्चीत कोसळले.

प्लंबरने करवत ठेवून कात्रीने दोरा तेवढा कापला. बायकोने गडबडीत गोड चहा केला, त्यात बिस्किटं बुडवून नवऱ्याला भरवली. जरा हुशारी आल्यावर दोघं रिक्षात बसली.

हॉस्पिटलात सिस्टरने आल्या आल्या नाडी मोजली, तेव्हा तिने ते तेलकट, सुजलेलं बोट पाहिलं.

"हे काय करून घेतलंत?"

"अंगठी निघत नाही हो!"

"मग राहू दे की! वरून चिकटपट्टी लावतो आम्ही. कागदाच्या मागे लिहिलंय."

"मागे?" घड्याळजींनी प्रथमच कागद उलटला.

"उपाशी आहात ना?"

"अगदी कडकडीत!"

"अहो, चहा झाला ना," बायको हळूच म्हणाली. "आणि सहा बिस्किटं."

सिस्टरने कपाळावर हात मारला. "तेही मागेच लिहिलंय! आज नाही करता येणार. उद्या या."

"अरेरे! मी तर अगदी तयारीने आलो होतो," घड्याळजी हळहळले.

सिस्टरने जाता जाता त्यांची नाडी पुन्हा मोजली. मघाशी दारातून आत आले तेव्हा एकशे अठरा होती. आता बरोब्बर बहात्तर!